साधं पाणी चालेल

दात सरळ करून घ्यायचं एक वय असतं, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत होती. सातवी ते दहावी. वर्गात एखादीच्याच दातांना तार असायची, ती बहुधा डॉक्टरांची मुलगी असायची, आणि ती हसली की आम्ही सगळ्या थोड्या असूयेनं बघायचो. बाकीच्यांच्या वाकड्या दातांवर घरोघरी एकच इलाज होता: फोटो काढताना तोंड मिटायचं. तेवढ्यावर आमची लग्नं जमली, नोकऱ्या लागल्या, बढत्याही झाल्या. लग्नाच्या अल्बममध्ये आमच्या दोन्हीकडची मंडळी इतकी गंभीर दिसतात की मानपानावरून काही बिनसलं असावं, असं हल्लीच्या मुलांना वाटतं. बिनसलं काही नव्हतं, दात होते.

पन्नाशीला टेकलेला, कर्ता, केस निम्मे पिकलेला माणूस एका रविवारी चहा पिता पिता 'मी दात सरळ करून घेतोय' असं जाहीर करील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता करतात. आमच्या डोंबिवलीत पूर्वी दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर एक भलीमोठी दाढ रंगवलेली असे, मुळांसकट. ती बघूनच निम्मे लोक तोंडात लवंग धरून घरी परत जात. आता दाढ गेली आणि तिच्या जागी हसणारी बाई आली. बाईच्या खाली 'इनव्हिजिबल' असं लिहिलेलं असतं, आणि ते लांबूनही वाचता येतं.

याला २०२०ची टाळेबंदी कारणीभूत आहे, असं माझं मत आहे. तोवर पुरुष माणूस स्वतःचं तोंड आरशात बघायचा ते दाढी करताना आणि भांग पाडताना, आणि दोन्ही वेळी तोंड मिटलेलं असतं. घरून काम सुरू झालं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात आपण बोलताना कसे दिसतो, हे लोकांना पहिल्यांदाच कळलं. तेही दिवसभर. माझा नवरा बँकेत कर्जविभागात आहे. 'व्याज' म्हणताना आपला वरचा डावा सुळा बाकीच्या दातांच्या आधी बाहेर येतो आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांच्या आड उभे राहतात, हा शोध त्याला त्या चौकोनात लागला. मला तो लग्नाआधीच लागला होता. मी म्हटलं, "तुझे दात बघून आजवर कुणी कर्ज नको म्हणालंय का?" पण एकदा डोक्यात दात शिरले की शिरले.

सासूबाईंचा विरोध तत्त्वाचा होता. दातावर दात असलेला माणूस भाग्यवान असतो, असं त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. "त्या सुळ्यावर तुला बँक मिळाली," त्या मुलाला म्हणाल्या, "तो सरळ केलास आणि कुठे आडगावी बदली झाली, तर माझ्याकडे येऊन रडू नकोस."

आमच्या डॉक्टर मॅडम ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत, म्हणजे दातांची डॉक्टरकी झाल्यावर आणखी तीन वर्षं त्यांनी फक्त दात सरकवायचे कसे हे शिकण्यात घालवली आहेत. पूर्वी दातांचं माप घ्यायचं म्हणजे गुलाबी लगद्यानं भरलेला साचा तोंडात कोंबत आणि 'नाकानं श्वास घ्या' असं सांगत. तो सल्ला आठवेपर्यंत माणसाला ओकारी आलेली असे. आता छोट्या बॅटरीएवढा कॅमेरा तोंडातून फिरवतात आणि पडद्यावर आपले दोन्ही जबडे, हिरड्यांसकट, गोल गोल फिरायला लागतात. मग मॅडम एक बटण दाबतात आणि ते दात हलतात. सुळा खाली उतरतो, मागचे पुढे येतात, पुढचे मागे होतात, आणि मिनिटाभरात सगळे एका ओळीत उभे. नवऱ्यानं ती चित्रफीत फोनवर मागून घेतली आणि सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना दाखवली. पडद्यावर जे मिनिटाभरात होतं त्याला तोंडात वर्ष-दीड वर्ष लागतं, हे तो शेवटी सांगायचा, आणि तेही विचारलं तर.

तत्त्व साधं आहे. दातांवर चपखल बसणारं पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच बनवायचं, पण ते आजच्या दातांच्या मापाचं बनवायचं नाही. दात जिथे जायला हवेत, त्या दिशेनं साधारण पाव मिलिमीटर पुढचं बनवायचं. ते घातलं की दातांवर दाब येतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दात त्या मापात येऊन बसतात. मग पुढच्या नंबरचं कवच. असे वीस, तीस, कुणाला त्याहूनही जास्त जोड लागतात. नाव अलाइनर, पण घरात सगळे 'ट्रे'च म्हणतात.

हाडात रुतलेला दात सरकतो कसा, हे मला न उलगडलेलं कोडं होतं. मॅडमनी समजावलं. दात हाडात चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दाब पडला की दाबाच्या बाजूच्या पेशी हाड विरघळवायला लागतात आणि मागे जी जागा मोकळी होते तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. म्हणजे महापालिकेच्या रस्त्यासारखंच, एक टोळी खणत पुढे जाते आणि दुसरी मागून बुजवत येते. फरक एवढाच की तोंडातली दुसरी टोळी खरोखर येते. मात्र तिनं भरलेलं पक्कं व्हायला बरेच महिने लागतात, आणि तोवर दात जुन्या जागी पळायला टपलेला असतो.

ही कल्पना कुणा दंतवैद्याची असणार, असं वाटतं. अर्धीमुर्धी आहे. हॅरॉल्ड केसलिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९४५ मध्येच रबराचं असं एक साधन बनवलं होतं आणि अशी साधनं एकामागून एक घातली तर दात बरेच लांब नेता येतील, असंही लिहून ठेवलं होतं. पण त्यासाठी प्रत्येक पायरीला प्लास्टरचे दात करवतीनं सुटे करून मेणात पुन्हा रोवावे लागत. एका रुग्णासाठी हे वीस-तीस वेळा कोण करत बसणार? ते राहिलं. मग १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी कंपनी काढली आणि हे रोवण्याचं काम संगणकाकडे दिलं. दोघंही स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेले, दातांचे डॉक्टर कुणीच नव्हे. चिश्तींनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. तारा निघाल्यावर दात जागच्या जागी राहावेत म्हणून प्लॅस्टिकचं रिटेनर देतात, ते घालायचं राहून गेलं की दात हलतात आणि पुन्हा घातलं की मुकाट्यानं परत येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी सांगितलेलं न ऐकल्यामुळे एवढा मोठा धंदा उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे पथ्य न पाळणारे इतके आहेत, पण कुणी कंपनी काढली नाही.

सुरुवातीच्या काळात पडद्यावर दात एकेक करून सरकवायचं काम ही कंपनी लाहोरमध्ये करून घेत असे. २००१ नंतर ते कोस्टा रिकाला गेलं. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "म्हणजे अमेरिकेतल्या माणसाचा दात लाहोरला बसून सरळ करत होते?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "मग बाकीचंच तेवढं का वाकडं राहिलं यांच्याकडून?"

आता मुद्द्याची गोष्ट. हे ट्रे दिवसाचे बावीस तास तोंडात हवेत. काढायचे ते खाताना आणि दात घासताना. ट्रे तोंडात असताना साधं पाणी चालतं, दुसरं काहीही नाही. चहानं डाग पडतात, चहा गरम असेल तर प्लॅस्टिक वाकतं, आणि साखर आत कोंडली गेली तर दात सरळ होतील पण किडतील. खाल्लं की दात घासल्याशिवाय परत घालायचे नाहीत.

चोवीसातून बावीस गेले, उरले दोन. दोन तास जेवायला भरपूर झाले, असं ज्यानं ठरवलं त्यानं मराठी घरात एक रविवारही काढलेला नाही. आपल्याकडे माणूस जेवतो कमी, पण खात असतो सतत, आणि आपण खातोय हे त्याला मान्य नसतं. सकाळचा चहा म्हणजे काही खाणं नव्हे. त्यात बुडवलेलं बिस्किट चहातच धरायचं. चटणीसाठी भाजलेल्यातले चार शेंगदाणे, मीठ बघायला तळहातावर घेतलेला रस्सा, देवापुढची खडीसाखर, जेवणानंतरची बडीशेप, चारचा चहा, पाहुणे आले म्हणून पाचचा चहा, 'एवढीशीच उरलीय, संपवून टाक' म्हणून वाटीत ओतलेली आमटी, हे कुणाच्याच हिशेबात नसतं. ट्रेच्या मात्र असतं. नवऱ्यानं फोनवर घड्याळ लावलं. ट्रे काढला की सुरू, घातला की बंद. पहिल्या रविवारी दुपारी एकपर्यंत त्याचे दोन तास संपले होते आणि अजून तो जेवला नव्हता.

बँकेतला माणूस. त्यानं मॅडमना विचारलं, एखाद्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं वाचली तर ती दुसऱ्या दिवशी जमा धरता येतील का? मॅडम म्हणाल्या, "दातांचं खातं चालू असतं, बचत नसतं." मग त्यानं उपासाच्या दिवसांवर भिस्त ठेवली. एकादशीला फुकटचे दोन तास मिळतील, असा त्याचा हिशेब. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हणून ठेवलेलं नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि रात्री राजगिऱ्याचा लाडू या क्रमानं ती एकादशी पार पडली, आणि घड्याळानं फोनवर लाल अक्षरांत निषेध नोंदवला.

या ट्रेंची सगळी जाहिरात ते दिसत नाहीत यावर चालते. खरंच दिसत नाहीत. पण तार लावलेला माणूस परवडला, असं मी आता अनुभवानं सांगते. तार सगळ्यांना दिसते, म्हणून कुणी काही विचारत नाही, आणि ती लावून माणूस चहा पिऊ शकतो. ट्रे दिसत नाही, म्हणून तो प्रत्येक घरी जाहीर करावा लागतो.

ठाण्याला नवऱ्याच्या मावशींकडे गेलो होतो. मावशींनी आधण ठेवतच विचारलं, "चहा घेणार ना?"

"नको."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मावशी दारात आल्या. "साखर निघाली का रे?"

"नाही, मावशी."

"मग पित्त? कॉफी करू? कोकम सरबत घे."

"साधं पाणी चालेल."

'साधं पाणी चालेल' हे वाक्य आपल्याकडे वाटणीवरून फाटलेले नातेवाईक तेवढे बोलतात. काकांनी पेपर खाली ठेवला. गेल्या दिवाळीत आपल्याकडून काय चुकलं, याचा दोघंही मनातल्या मनात शोध घेताहेत हे मला दिसत होतं. शेवटी नवऱ्यानं खुलासा केला, पण ट्रे नवा असल्यामुळे त्यात सगळे 'स' आणि 'च' ओले येत होते, म्हणून निम्मा खुलासा मीच केला. "बघू," म्हणत मावशींनी चष्मा लावला.

आता हे दाखवायचं म्हणजे काढायचं आलं. तर्जनी तोंडात घालून मागच्या दाढेपाशी, आतल्या बाजूनं, ट्रेच्या कडेखाली नख अडकवायचं आणि खाली ओढायचं. टक् असा आवाज होतो. मग दुसरी बाजू, टक्. मग पुढचे दात. ट्रे घट्ट धरावा म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेले असतात, त्यांच्यावरून सुटताना तो अडून बसतो, आणि तेवढा वेळ माणसाच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते जाहिरातीतल्या बाईच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलेलं नाही. शेवटी ट्रे बाहेर येतो, आणि त्याच्यापासून खालच्या ओठापर्यंत लाळेची एक तार लोंबकळते. म्हणजे तार काही चुकली नाहीच.

मावशींनी ट्रे डबीसकट हातात घेऊन उजेडात धरला. डबी काकांकडे गेली, काकांकडून शेजारच्या काकूंकडे, त्या साखर मागायला आल्या होत्या. काकांनी किंमत विचारली. नवऱ्यानं सांगितली, लाखावरची. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण आता कशाला गं? लग्न झालंय की त्याचं."

एवढं सगळं झाल्यावर तोंडातून ट्रे निघालेलाच होता, म्हणून त्यानं चहा घेतला.

लोकलचा प्रश्न निराळा. सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये नवऱ्याचा जो ग्रुप आहे त्यांचं मुख्य काम खाणं आहे, नोकऱ्या ते वाटेत उतरून करतात. कुणाची बढती, कुणाच्या मुलाचे मार्क, कुणी शिर्डीला जाऊन आला, कुणाची गाडी आली. पेढ्याचा पुडा डोक्यांवरून फिरतो. त्या गर्दीत स्वतःचा हात स्वतःच्या तोंडाशी नेता येत नाही, तिथे दोन बोटं दाढेपर्यंत कोण घालणार, आणि घातलीच तर ती चुकून दुसऱ्याच्या तोंडात जायची. शिवाय दात घासायला डोंबिवली फास्टमध्ये बेसिन नाही. आणि पेढा नाही म्हणायची सोय नसते, कारण नाही म्हटलं की शिर्डीहून आलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. म्हणून नवरा पेढा घेतो, कपाळाला लावतो आणि रुमालात बांधून खिशात टाकतो. संध्याकाळी घरी आला की खिसे रिकामे करतो: एक पेढा, अर्धी चिक्की, कागदात चपटा झालेला बटाटेवडा, सुतरफेणीचा चुरा. ते वाया घालवायचं नाही, हा आमच्या घरचा संस्कार. सहा महिन्यांत नवऱ्याचं पोट दिसेल इतकं उतरलं. ते कुठे गेलं, हे मी वजनाच्या काट्यावर पाहिलं.

मग श्रावणात दुसऱ्या मजल्यावर सत्यनारायण. आधी हातावर तीर्थ. ते पाणी धरायचं की नाही? पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर, म्हणजे मॅडमच्या यादीतलं निम्मं पाप एका पळीत. पाठोपाठ शिरा, तोही द्रोणात नाही, थेट तळहातावर. एका हातात प्रसाद, दुसऱ्या हाताचं बोट दाढेत घालायच्या बेतात, समोर चौरंगावर देव आणि मागे तीर्थासाठी रांग. तो म्हणाला, "घरी जाऊन खातो." सासूबाईंनी तिथल्या तिथे त्याला कथेतली कलावती आठवून दिली. प्रसाद न घेता घाईनं निघाली आणि तिच्या नवऱ्याची नौका नवऱ्यासकट बुडाली. "त्यात बुडतो तो नवरा," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. नवऱ्यानं प्रसाद घेतला. ट्रे शर्टाच्या खिशात गेला, शर्ट दुसऱ्या दिवशी धुवायला निघाला, आणि पुढचं कपडे धुणाऱ्या मशीनलाच माहीत.

हरवण्याच्या बाबतीत तो नशीबवान म्हणायचा. लोक हे ट्रे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि जेवण झालं की ताटाबरोबर तेही जातात. लग्नाच्या हॉलमागे पत्रावळींच्या पिंपात हात घालून उभा असलेला जोधपुरी कोटातला गृहस्थ मी स्वतः पाहिला आहे. आधी मला वाटलं अंगठी शोधतोय. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं, अंगठीहून महाग काहीतरी आहे.

हळदीचं तर विचारूच नका. हा प्रकार ज्यांनी काढला ते फोडणीत हळद घालत नाहीत. आपल्याकडे जेवल्यावर कितीही घासलं तरी दातांच्या फटीत वरणाचा एक अंश उरतोच, आणि तो बावीस तास प्लॅस्टिकमध्ये मुरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी अदृश्य ट्रे लांबूनही पिवळाजर्द दिसतो. "पन्नाशीत पुन्हा हळद लागली," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

खरं म्हणजे घरात या विषयातल्या जाणकार त्याच आहेत. त्यांची वरची कवळी आहे, आणि रात्री झोपताना त्या ती काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात. नवऱ्याचा ट्रेही स्वच्छ करायचा तर पाण्यातच ठेवायचा असतो, आणि पाण्यात टाकायच्या फसफसणाऱ्या गोळ्या दोघांना एकच चालतात. बेसिनच्या वर काचेच्या फळीवर दोन सारख्या वाट्या आल्या. सासूबाईंना हा सगळा उफराटा कारभार वाटायचा. "मी खायला घालते आणि झोपताना काढते. हा खायला काढतो आणि झोपताना घालतो. आणि पैसे याला माझ्या दहापट पडले." पण मनातून त्यांना बरं वाटत असावं. इतकी वर्षं घरात त्या एकट्याच दात काढून ठेवणाऱ्या होत्या.

त्या मायेपोटीच पुढचं घडलं. बाराव्या नंबरचा ट्रे त्यांना ओशट वाटला. नातवंडांच्या दुधाच्या बाटल्या त्यांनी उकळत्या पाण्यात घालूनच वाढवलेल्या. त्याच निष्ठेनं त्यांनी ट्रे उकळला. पातेल्यातून तो झाऱ्यानं काढला तेव्हा त्याची दोन्ही टोकं एकमेकांना भेटली होती, आणि तो कुणाच्या जबड्याचा आहे हे कुत्र्यामांजराच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. मॅडमना फोन गेला. मॅडम म्हणाल्या, अकरावा घाला, म्हणूनच मागचा टाकू नका म्हणते. नवरा पाव मिलिमीटर मागे गेला. सासूबाईंनी प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर आमटीत हळद घातली नाही, आणि ते आम्हा सगळ्यांना भोगावं लागलं.

धाकटे दीर नाशिकला असतात. इंजिनिअर आहेत आणि कुठलीही वस्तू मूळ किमतीला घ्यायची म्हणजे त्यांना अपमान वाटतो. त्यांनी फोन करून सांगितलं की दादाला फसवलं. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका कॉलेजमधल्या मुलानं कॉलेजच्याच थ्रीडी प्रिंटरवर स्वतःच्या दातांचे साचे छापले, त्यांवर प्लॅस्टिक ओढलं आणि साठ डॉलरच्या आत आपले दात आपणच सरळ केले. हे खरं आहे. त्यावर मी त्यांना तिकडच्याच एका कंपनीची गोष्ट सांगितली. स्माइल डायरेक्ट क्लब नावाची ही कंपनी दवाखान्याच्या फेऱ्या न करायला लावता ट्रे थेट घरी पाठवायची. २०२३च्या डिसेंबरात तिनं गाशा गुंडाळला आणि कित्येक जण दात अर्ध्या वाटेवर असताना तसेच राहिले. दीर म्हणाले, "अर्ध्या वाटेवर तर अर्ध्या वाटेवर, वहिनी. दादाचे दात पन्नास वर्षं कुठे पोचले होते?" त्यांचेही दात तसेच आहेत. दोघंही वडिलांवर गेलेत.

ठरलेले सगळे ट्रे घालून झाले तेव्हा मॅडमनी पुन्हा कॅमेरा फिरवला आणि खालचा एक दात पडद्यावरच्या दाताइतका वळला नाही, असं दाखवलं. याला रिफाइनमेंट म्हणतात. म्हणजे आणखी काही ट्रे. आमच्या बँकवाल्याला यात नवीन काही वाटलं नाही, कर्जाची मुदत तोही अशीच वाढवून देतो. त्यानंतर एकदाचं सगळं संपलं आणि मॅडमनी रिटेनर हातात ठेवलं. रात्री झोपताना घालायचं. "किती दिवस?" नवऱ्यानं विचारलं. "जितके दिवस दात असे राहायला हवेत तितके," मॅडम म्हणाल्या.

दात सुरेख झाले, हे मान्य केलं पाहिजे. सुळा ओळीत बसला, 'व्याज' म्हणताना आता सगळे एकदम दिसतात. बदलीही झाली नाही. फक्त इतकी वर्षं तोंड मिटून फोटो काढायची सवय असल्यामुळे अजून तो तोंड मिटूनच फोटो काढतो.

राहता राहिले जुने ट्रे. कपाटाच्या खालच्या खणात, नंबरवार, वरचे आणि खालचे, आपापल्या पाकिटांत. एकूण रकमेला नगांनी भागून नवऱ्यानं एका ट्रेची किंमत काढली, आणि त्या दिवसापासून ते टाकायचं धाडस घरात कुणाला होईना. सासूबाईंनी एक दुपारभर खण उघडा ठेवून विचार केला. "एवढं महागाचं, आणि एकेक आठवडाच तर वापरलेलं," त्या म्हणाल्या. "लहानपणी याचे बूट, याचे शर्ट, सगळे त्या धाकट्याला यायचे."

मी म्हटलं, "आई, ते शर्ट होते. ट्रे ज्याच्या दातांच्या मापानं बनवतात त्यालाच बसतो."

त्या गप्प राहिल्या. दोन दिवसांनी नाशिकहून फोन आला.

"वहिनी, आई काहीतरी म्हणत होती."

"अहो भाऊजी, ते तुम्हाला नाही बसणार."

"ते माहितीये मला," दीर म्हणाले. "पण सगळा पाव-पाव मिलिमीटरचाच तर खेळ आहे. तुम्ही एवढंच सांगा, पहिल्या नंबरापासून आहेत ना सगळे?"